ओले गोणपाट

गेल्या फाल्गुनात एक निवृत्त शिक्षक आपल्या पत्नीसह माझ्याकडे आले. आयुष्यभराच्या शिलकीतून पुण्याच्या वेशीबाहेर घेतलेल्या तीन गुंठे जागेत पाडव्याचा मुहूर्त साधून पाया खोदावा, अशी उभयतांची इच्छा होती. नकाशे मंजूर झाले होते, तीन कंत्राटदारांची अंदाजपत्रके कापडी पिशवीत होती, आणि त्या तिघांनी बांधून पुऱ्या केलेल्या घरांची छायाचित्रेही त्यांनी जपून आणली होती. ती सारी माझ्या मेजावर ओळीने मांडून गुरुजी म्हणाले, "साहेब, आमच्या हातून घर एकदाच व्हायचे. ह्यांतला विश्वासू कोण, तेवढे सांगा."

चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या घरांवर देखरेख करण्यात घालविलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नव्हता. मी छायाचित्रे तशीच परत त्यांच्यापुढे सरकवली. घराचे सामर्थ्य ज्यांवर अवलंबून असते त्या सर्व गोष्टी, पायातले काँक्रीट, कॉलममधल्या सळया, विटांच्या सांध्यांतला माल, ह्या घर पुरे होण्याच्या फार आधी मुरुमाखाली किंवा गिलाव्याआड गेलेल्या असतात, आणि वरून रंगाचे दोन हात बसले की उत्तम घर आणि निकृष्ट घर ही शेजारी उभी केली तरी मोठमोठ्या जाणत्यांना त्यांतला भेद सांगता येत नाही. म्हणून मी म्हणालो, "ह्या तिघांची सध्या चालू असलेली कामे कोठे आहेत ते विचारून घ्या. जेथे चार दिवसांपूर्वी कॉलम भरले असतील तेथे, कामाला सुट्टी असेल त्या दिवशी, दुपारी दोन वाजता, कोणाला न कळवता जा. कॉलमभोवती गोणपाट गुंडाळलेले असेल. त्याला हात लावून पाहा."

बाईंनी विचारले, "एवढ्यावरून काय कळणार?"

सिमेंट वाळून घट्ट होते असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ते पाणी आत ओढून घेऊन कठीण होते, ही क्रिया कित्येक दिवस सावकाश चालू राहते, आणि तेवढ्या अवधीत त्याला पाणी मिळाले नाही, तर ती अर्ध्यावर थांबते. भारतीय मानकांच्या संहितेने साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान 7 दिवस, आणि राख मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान 10 दिवस ओलावा राखावा असे सांगितले आहे. काँक्रीटचे बळ जोखायचे तेही 28 दिवसांनी. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी कोंडता येते, ते एकदा भरले की दिवसभराची निश्चिंती. कॉलम मात्र उभा. त्याच्या अंगावर पाणी ठरत नाही, आणि फाल्गुन-चैत्रातल्या कोरड्या वाऱ्यात भिजवलेले गोणपाट तीन-चार तासांत खडखडीत होते. ते दुपारी दोन वाजता ओले असावे, आणि तेही सुट्टीच्या दिवशी, तर कोणीतरी माणूस केवळ त्याकरिता ठेवलेला असला पाहिजे, त्याला रोज दिलेला असला पाहिजे, आणि तो खरोखर पाणी मारतो की नाही ह्याची चौकशी करणारा दुसरा माणूसही असला पाहिजे. पाणी न मारलेला कॉलम दिसायला पाणी मारलेल्या कॉलमसारखाच करडा दिसतो. ज्या कृत्याला साक्षीदार नाही आणि ज्याच्या अभावाचा पुरावा दहा वर्षे मिळायचा नाही, ते कृत्य जो माणूस पदरचे पैसे खर्चून नेमाने करतो, त्याच्या हाती मी माझे स्वतःचे घर सोपवीन.

ही कसोटी मला एका घराने शिकवली, आणि त्या घराचे स्मरण आजही मला सुखाने होऊ देत नाही. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात एका कारकुनाने, असाच विश्वास टाकून, माझ्याकडे कंत्राटदाराचे नाव मागितले. मी एक नुकताच पुरा झालेला बंगला पाहून आलो होतो. भिंतींच्या कडा ओळंब्यात, गुण्याला एक सूत फरक नाही, फरशीचे सांधे केसासारखे. आणि मी त्या बंगल्याच्या कंत्राटदाराचे नाव दिले. स्लॅब पडायच्या दिवशी सकाळी मी सळया मोजल्या, त्या नकाशाबरहुकूम होत्या. सळई फळ्यांना टेकू नये, खाली 20 मिलिमीटरचे कव्हर राहावे म्हणून ठेवावयाचे सिमेंटचे ठोकळेही जागोजाग दिसले. दुसऱ्या कामावर जायची घाई असल्यामुळे माल पडायला लागण्यापूर्वीच मी निघालो. बिगाऱ्यांच्या पायांखाली ठोकळे निसटले, सळया फळ्यांवर बसल्या, आणि तेथे उभ्या असलेल्या कोणीही त्या उचलून घेण्याची तसदी घेतली नाही. मी बिलावर सही केली. सातव्या पावसाळ्यानंतर माजघराच्या छताचा पापुद्रा सुटून पडला. शिडीवर चढून मी खरवडून पाहिले, तो सळईखाली नखाएवढाही थर नव्हता. लोखंड गंजले की फुगते, आणि फुगले की काँक्रीट फोडून बाहेर येते, तसे ते आले होते. घरमालक मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी शिडी धरून ठेवली होती, एवढेच मला आठवते.

दृष्टीआड गेलेल्या वस्तूचे हे महत्त्व किती भयंकर रीतीने सिद्ध होऊ शकते ते मी किल्लारीच्या परिसरात पाहिले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर पाहणीसाठी गेलो असता गावेच्या गावे दगडमातीचे ढीग होऊन पडलेली होती. तेथील भिंती चांगल्या दोन-तीन फूट आणि क्वचित त्याहूनही जाड, तेव्हा पाहणाऱ्याला त्या बळकटच वाटत आल्या असणार. पण ती एक भिंत नव्हती, काळ्या दगडांचे दोन पदर होते, मध्ये माती आणि कपच्यांची भरती होती, आणि ह्या पदरापासून त्या पदरापर्यंत पोचणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. जमीन हादरताच, शेंगेची टरफले फाकावीत तसे ते पदर फाकले आणि वरच्या धाब्याची माती निजलेल्या माणसांवर आली. तो लांब दगड शोधायला, घडवायला आणि उचलून बसवायला गवंड्याचा वेळ मोडतो, आणि बसवल्यावर बाहेरून त्याचे केवळ तोंड दिसते, इतर दगडांसारखेच.

मयमतात स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक असे चार प्रकारचे कारागीर सांगितले आहेत, आणि स्थपतीच्या लक्षणांत शास्त्रज्ञानाच्या जोडीला धर्मशीलता आणि निर्मत्सरता ह्यांचीही गणना केली आहे. तरुणपणी ती यादी मला निव्वळ अलंकारिक वाटे. आता वाटत नाही.

गुरुजींच्या तीन अंदाजपत्रकांसंबंधी फार लिहिण्यासारखे नाही. सर्वांत स्वस्त असलेल्या पत्रकात चौरस फुटाचा एक उक्ता दर होता आणि त्याखाली काहीच तपशील नव्हता. खोदाईची माती कोण वाहून नेणार, टाकीला आतून गिलावा कोण करणार, जादा कामाला काय दर, ह्यांविषयी मौन होते, आणि ह्या मौनाची किंमत पुढे घरमालकालाच भरावी लागते. उरलेल्या दोन्ही पत्रकांत खोदाई ब्रासमध्ये, लोखंड किलोत, गिलावा चौरस मीटरमध्ये, असे प्रत्येक कलम मोजून लिहिलेले होते. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने विक्रीसाठी बांधलेल्या घरांतील बांधणीच्या दोषांची जबाबदारी पाच वर्षे विकसकावर ठेवली आहे. परंतु आपल्याच जागेत आपल्यासाठी घर बांधून घेणाऱ्याला त्या कायद्याचे छत्र नाही, त्याचे रक्षण त्याच्या करारनाम्यानेच व्हायचे. म्हणून प्रत्येक हप्ता पुऱ्या झालेल्या मोजमापावर द्यावा, शेकडा पाच रक्कम अनामत ठेवून ती एक पावसाळा उलटल्यावर सोडावी, आणि पाया, सळया व नळ ही कामे घरमालकाला दाखविल्याशिवाय झाकू नयेत, अशी तीन कलमे मी त्यांना घालावयास सांगितली. तिसऱ्या कलमाला जो कंत्राटदार आढेवेढे घेतो त्याच्याशी पुढची बोलणी करण्याचे कारण उरत नाही.

जुन्या घराच्या दुरुस्तीत मात्र करारनामाही अपुरा पडतो, कारण भिंतीच्या पोटात काय आहे ते ती उकलेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याचे मालक तात्या ह्यांना दोन खोल्यांमधली भिंत काढून दिवाणखाना मोठा करायचा होता. एका कंत्राटदाराने उभ्या उभ्या होकार दिला आणि बयाणा मागितला. दुसऱ्या दिवशी एक वृद्ध मिस्तरी आले. ते आधी वरच्या मजल्यावर गेले, तुळयांची टोके कोठे टेकली आहेत ते पाहिले, मग खाली येऊन थापीच्या मुठीने भिंत ठोकत ठोकत मध्यावर थांबले. "तात्या, ह्या भिंतीत खांब गाडलेला आहे आणि त्याच्या डोक्यावर वरची सगळी तुळई आहे. ही भिंत मी काढणार नाही. दुसरं काही काम असेल तर सांगा." मोठ्या रकमेचे काम त्यांनी दोन वाक्यांत नाकारले. तात्यांनी त्यांना गळक्या कौलांचे लहानसे काम दिले, आणि पुढे वाड्याचे प्रत्येक काम त्यांच्याच हातचे झाले.

येथे घरमालकाच्या वर्तनाविषयीही लिहिले पाहिजे. दर पाडून पाडून जो कंत्राटदाराचा रास्त नफा काढून घेतो, ठरलेल्या तारखेला हप्ता देत नाही आणि सिमेंटचा भाव चढला तरी त्याला तोंड उघडू देत नाही, तो त्या माणसापुढे दोनच मार्ग ठेवतो: काम सोडणे किंवा पोत्यांत हात राखणे. दुबळ्या काँक्रीटची चौकशी करताना मला अनेकदा त्याचे मूळ कामावर आढळले नाही. ते बैठकीच्या खोलीत, दराच्या घासाघिशीत आढळले. हे मी गुरुजींना स्पष्ट सांगितले, आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून वहीत टिपून घेतले.

पंधरा दिवसांनी दोघे पुन्हा आले. पहिल्या कामावर गोणपाटच नव्हते. दुसऱ्या कामावर ते होते, पण हाताला कोरडे लागले. तिसरे काम बाणेरच्या पलीकडे, तेथे पोचायला त्यांना अडीच वाजले. इमारतीवर चिटपाखरू नव्हते, केवळ एक वयस्क बाई पिंपातून बादली भरून एकेका कॉलमवर ओतीत होती. सांगितल्याप्रमाणे बाईंनी पुढे होऊन गोणपाटाला हात लावला, तोच ती बादली खाली ठेवून त्यांच्यावर ओरडली, "ओ बाई, हात काढा आधी! सुतळी सैल झाली तर गोणपाट खाली येतंय. मालक रोज संध्याकाळी येऊन चाचपतात, मग मला बोलणी बसतात."

गुरुजींनी पिशवीतून तिसरे अंदाजपत्रक काढून माझ्यापुढे ठेवले आणि करारनाम्याचा मसुदा केव्हा तयार होईल ते विचारले.