लाल शाई

प्राध्यापकाच्या हाती लाल शाईचे पेन आले, की त्याच्या अंगात न्यायाधीश संचारतो, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. निळ्या शाईने चार ओळी लिहायच्या तर मी दहा वेळा अडखळतो. लाल शाईने मात्र मी आजवर कधी अडखळलेलो नाही. ऱ्हस्व-दीर्घ, लिंग, वचन, विभक्ती, सगळ्यांचा झटपट निकाल लागतो. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे, की एकदा घरातल्या वाण्याच्या यादीतही मी ‘साबूदाणा’ दुरुस्त करून दिला होता. त्या दिवशी साबुदाणा आला, पण खिचडी काही झाली नाही.

अशा या लाल शाईने मला एकदा चांगलेच खाली पाहायला लावले. त्याची ही हकीकत.

मी सोलापूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या वर्गात शहराच्या पूर्व भागातली बरीच मुले-मुली असतात. यांचे पणजे-खापरपणजे तेलंगणातून पोट भरायला इथे आले आणि मागावर बसले. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळेत आणि बाजारात मराठी. सोलापूरची चादर ज्यांच्या हातांनी नावारूपाला आली त्यांतले बहुतेक हात याच घरांतले. पुरुष मागावर आणि बायका विड्या वळायला, असा या वस्तीचा संसार कित्येक वर्षे चालत आला आहे.

त्यांतलीच एक मुलगी. तिचे नाव इथे सांगत नाही, कारण तिला ते आवडायचे नाही. द्वितीय वर्षाला होती. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, हजेरीला जेमतेम ऐकू येईल असे ‘हजर’ म्हणायची आणि तास संपला की घाईघाईने निघून जायची. तिच्या मराठीत लिंगाचे फार घोटाळे असत. ‘भाषा’ही पुल्लिंगी आणि ‘साडी’ही पुल्लिंगी. तिच्या वहीवर माझे पेन कसे अगदी मोकळे सुटायचे!

त्या वर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त, मी वर्गाला निबंध घातला: ‘माझी मातृभाषा’. ज्ञानेश्वरांपासून कुसुमाग्रजांपर्यंतची ठरलेली यात्रा करून मुले परत येतात, मी प्रत्येकाला दहापैकी सहा गुण देतो, आणि गौरव पार पडतो. या मुलीने मात्र दोन पाने भरून भलतेच काही लिहिले होते. तिच्या घरात मागाला ‘मग्गम’ म्हणतात आणि दोऱ्याला ‘दारम’. लहानपणी तिला वाटे, की मराठी ही तेलुगूचीच शाळेत जाणारी बहीण आहे. आई तिच्याशी तेलुगूत बोलते आणि ती आईला रेशनकार्ड मराठीत वाचून दाखवते. असे बरेच काही. मी सव्वीस चुका काढल्या, पानाच्या खाली ‘विषयांतर. पुन्हा लिहा’ असा शेरा मारला आणि वही बाजूला टाकली. तिने पुन्हा लिहिले. या खेपेला ज्ञानेश्वर आले, कुसुमाग्रज आले. मी दहापैकी सहा दिले.

पुढल्या वर्षी डिसेंबरात महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन होते. त्यात विद्यार्थ्यांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरवले होते आणि परीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली होती. चित्रकलेतले मला काय कळते, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मीही उपस्थित केला नाही. खिशाला नेहमीचे पेन लावून मी हिंडू लागलो. सूर्यास्त, सूर्योदय, शिवाजी महाराज, पुन्हा सूर्यास्त. शेवटच्या कोपऱ्यात तीन वस्तू मांडल्या होत्या. शेजारी चिठ्ठी होती: ‘मिश्र माध्यम’. बाजूला ती उभी होती.

पहिली वस्तू म्हणजे एक जुने सूप. विडी वळणाऱ्या बाया मांडीवर सूप घेऊन बसतात. त्यात एका बाजूला भिजवून मऊ केलेले पत्ते, एका बाजूला तंबाखू, आणि दोऱ्याचे रीळ. हे सूप तिच्या आईचे होते. वर्षानुवर्षे मांडीवर राहून त्याची एक कड झिजून गुळगुळीत झाली होती. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने विडीपुरता चौकोन कापून घेतला, की पानाच्या कडा उरतात, शिरा उरतात. ती कात्रणे तिने सुपात चिकटवली होती. काळपट, मग तपकिरी, मग पिवळट, अशी रांगेने. मध्ये मात्र वीतभर जागा मोकळी होती.

“इथे चिकटवायचं राहिलं का?” मी विचारले.

“नाही सर. तिथं आईचा हात असतो.”

मी पेन खिशातून काढले होते, ते पुन्हा खिशाला लावले.

दुसरी वस्तू भिंतीवर टांगलेली होती. लांबट पुठ्ठ्यांची एक माळ. प्रत्येक पुठ्ठ्याला गोल भोके पाडलेली. जुन्या लुगड्याच्या काठांनी तिने ते पुठ्ठे एकमेकांना शिवले होते आणि मागे एक दिवा लावला होता. भोकांतून पडणारा उजेड समोरच्या भिंतीवर ठिपक्याठिपक्यांनी सांडला होता. हे जॅकार्डचे पुठ्ठे. तिचे आजोबा चादरीच्या कारखान्यात होते, त्यांनी जपून ठेवलेले. मागावर पुठ्ठा आला, की जिथे भोक असेल तिथली सुई आपली जागा धरते आणि तिचा ताणा वर उचलला जातो. जिथे भोक नसेल तिथली सुई मागे ढकलली जाते आणि ताणा खालीच राहतो. मधून धोटा आडवा जातो. अशी एका पुठ्ठ्यामागे विणीची एक ओळ.

“मग यातलं फूल कुठं आहे?” मी भिंतीवरच्या ठिपक्यांत फूल शोधत होतो.

“पुठ्ठ्यात फूल नसतंय सर. भोकंच असतात. फूल चादरीवर येतंय.” मग जरा थांबून ती म्हणाली, “आजोबांना मात्र पुठ्ठा बघूनच दिसायचं. हा मोराचा आहे म्हणायचे. निम्मा मोर पावसात भिजून गेला, निम्मा राहिलाय.”

निम्म्या मोराचा उजेड माझ्या सदऱ्यावरही पडला होता. मी बाजूला सरलो आणि तिसऱ्या वस्तूपुढे आलो.

ती वस्तू मी ओळखली, आणि ओळखली नसती तर बरे झाले असते असे वाटले. माझ्याच निबंधाची ती दोन पाने. तिने ती एका जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर लावली होती, आणि जिथे जिथे माझी लाल रेघ होती तिथे तिथे कागदातून लाल दोरा घालून धावदोऱ्याचे टाके घातले होते. सव्वीस चुका, सव्वीस जागी टाके. निळी अक्षरे फिकी पडली होती. लाल दोरा तेवढा ठसठशीत उठून दिसत होता. खाली, वळणदार अक्षरात, माझ्याच वळणाने भरलेला शब्द होता: विषयांतर.

प्रदर्शनात गर्दी होती. कुणीतरी माझ्या खांद्यावरून डोकावून ‘वा, भरतकाम छान आहे!’ म्हणून गेले. मी हळूच विचारले, “राग आला होता का गं?”

“नाही सर,” ती म्हणाली. तिला प्रश्नाचे नवल वाटले असावे. “बाकीच्या वह्यांवर नुसती बरोबरची खूण असते. तुम्ही सगळं वाचलं होतं.”

वाचकहो, रागावली असती तर मी सुटलो असतो. उत्तर द्यायला माझ्याकडे व्याकरण होते. पण या वाक्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी ती दोन पाने वाचली नव्हती; मी त्यांतल्या चुका वाचल्या होत्या.

काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, “हे सगळं कुणाचं पाहून सुचलं? कुठला चित्रकार?” ती गोंधळली. चित्रकार नव्हताच. घरात जागा कमी, टाकायचे काही नाही असा आईचा नियम, आणि कोनाड्यात साठलेल्या डब्यांतून जे हाताला लागले ते तिने घेतले होते.

मग त्या रात्री मीच अभ्यासाला बसलो. आमच्या ग्रंथपालांनी दोन जाडजूड पुस्तके काढून दिली. १९१२ साली पिकासोने एका चित्रात वेताच्या खुर्चीची वीण रंगवण्याऐवजी तशी वीण छापलेले मेणकापडच चिकटवले आणि चौकटीच्या जागी दोरखंड गुंडाळला, असे त्यांत होते. कुर्ट श्विटर्स नावाचा जर्मन चित्रकार ट्रामची तिकिटे, वेष्टने, रद्दी असे रस्त्यावरचे काहीबाही गोळा करून चित्रे करी. फाटक्या कागदावर उरलेल्या एका शब्दाच्या तुकड्यावरून त्याने आपल्या कलेला ‘मेर्झ’ असे नाव दिले होते. जॅकार्डबद्दलही वाचले. या यंत्राचा जनक जाकार याचेच चित्र १८३९ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरी रेशमात विणले गेले, तेव्हा त्याला २४,००० पुठ्ठे लागले. ते चित्र चार्ल्स बॅबेजने आपल्या घरी लावले होते, आणि आपल्या नियोजित गणकयंत्राला सूचना देण्यासाठी त्याने असेच पुठ्ठे योजले होते. म्हणजे ज्या संगणकावर आज आम्ही निकाल लावतो, त्याचा एक पूर्वज आमच्या पूर्व भागातल्या एका कोनाड्यात भिजत पडला होता!

दुसऱ्या दिवशी हे सारे मी मोठ्या उत्साहाने तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि श्विटर्सविषयी एकच प्रश्न विचारला: “त्यांच्या घरी कशाचं काम चालायचं सर?”

हा प्रश्न कुठल्याही जाड पुस्तकाने विचारलेला मला आढळला नाही. आणि त्यानेच माझी झोप उडवली. कारण हाच प्रश्न मी दरवर्षी जून-जुलैत वर्गापुढे टाकतो. संतकवितेचा तास असला, की मी रंगात येतो. सावता माळी आपल्याच जिल्ह्यातल्या अरणचा. त्याच्या अभंगांत मळा येतो. तेरच्या गोरोबांकडे चिखल आणि चाक, नरहरीकडे सोन्याची मूस, सेनाकडे वस्तरा आणि आरसा, जनाबाईकडे जाते. या माणसांनी देवासाठी वेगळी भाषा शोधली नाही, हातातल्या कामाचीच भाषा देवाला लावली, हे मी वीस वर्षे घसा कोरडा होईतो सांगत आलो आहे. मुले ते लिहून घेतात. ही मुलगीही शेवटून दुसऱ्या बाकावर बसून ते लिहून घेत होती. तिने ते खरे मानले आणि सूप घेतले, पुठ्ठे घेतले, दोरा घेतला. मी मात्र तेराव्या-चौदाव्या शतकापलीकडे ते खरे मानायला तयार नव्हतो.

आणखी एक गोष्ट आठवून मनात ओशाळलो. मराठीत इतर भाषांतून आलेल्या शब्दांची यादी व्याकरणाच्या पुस्तकांत असते. तेलुगूच्या नावापुढे दोन-चारच शब्द असतात. त्यांत एक ‘किडूकमिडूक’. मी तो शब्द दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्याचा अर्थ मला त्या कोपऱ्यात कळला.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी तिची आई आली. कामाचा खाडा करून आली होती. विड्यांची मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे अर्ध्या दिवसाला काय किंमत पडते ते आमच्यासारख्या महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्यांना कळायचे नाही. आल्या आल्या तिने सुपाकडे पाहिले, आणि ‘हे इथं कसं?’ अशा नजरेने मुलीकडे. मग दिव्यामागचे पुठ्ठे पाहून गप्प उभी राहिली. ते तिच्या सासऱ्याचे.

नंतर ती माझ्या निबंधापुढे आली. तिला मराठी वाचता येत नाही. पण टाके वाचता येतात. तिने अगदी जवळ जाऊन एकेक टाका पाहिला. मी परीक्षक म्हणून जितका वेळ दिला होता, त्याच्या चौपट वेळ तिने दिला. शेवटी खालच्या शब्दापाशी तिचे बोट थांबले आणि ती मुलीला तेलुगूत काही म्हणाली.

“काय म्हणते आई?” मी विचारले.

मुलगी लाजून हसली. “गाठ ढिली आहे म्हणते.”

आईने इकडेतिकडे न पाहता दोऱ्याचे टोक नखाने उकलले, बोटांत एक पीळ दिला आणि क्षणात गाठ आवळून टाकली. दिवसाला हजार गाठी मारणारी बोटे ती! ‘विषयांतर’ आता पक्के बसले.

मग त्या शब्दावरून बोट फिरवीत तिने मुलीला आणखी काही विचारले. त्यातले ‘दारम’ एवढे मला कळले. बाकीचे, इथे काय लिहिले आहे असेच असणार. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिले. माझा हात उगाचच खिशाच्या पेनाकडे गेला. ती आईला तेलुगूत बरेच काही सांगत राहिली. एका शब्दाच्या अर्थापेक्षा ते खूपच अधिक होते. ऐकता ऐकता आईचा चेहरा उजळला. तिने माझ्याकडे वळून दोन्ही हात जोडले.

मीही जोडले. वीस वर्षे या गावात मराठी शिकवतो आहे. तेलुगूची चार वाक्ये मला येत नाहीत. त्या मुलीने माझ्या शेऱ्याचे काय भाषांतर केले, ते मी तिला विचारले नाही. आता ती पास होऊन गेली. पेन अजून तेच आहे. पण वही उघडली, की हल्ली मी आधी ती टोपण न काढता वाचतो.