वलगावचे लॅटिन

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात पेढी नदी येते आणि नदीबरोबर वलगाव. हे माझे गाव. पण मुंबईला शिकत असताना कुणी विचारलेच, तर 'अमरावतीचा' असे सांगून मी वेळ मारून नेत असे.

बी. ए.ला मी हौसेने लॅटिन घेतले होते. संस्कृतच्या आठ विभक्त्या घोकलेल्या पोराला लॅटिनच्या सहा काय जड! शिकवणारे फादर मोठे मिस्कील. एकदा त्यांनी माझे गाव खोदून विचारले आणि 'वलगाव' ऐकताच फळ्यावर एक शब्द लिहिला : 'वुल्गुस'. अर्थ : सामान्य जनता, रस्त्यावरचे लोक. वर्ग खो खो हसला. वर्षभर मला तेच नाव पडले.

त्याच वर्षी आई मुंबईला आली. वसतिगृहाच्या दारातूनच तिने मोठ्याने विचारले, "पोटभर जेवून रायला ना रे, बापू?" मित्रांनी एकमेकांकडे पाहिले. मी तिला बाजूला घेऊन म्हटले, "आई, इथं जरा कमीच बोल." दोन दिवस ती जवळजवळ मुकीच राहिली.

पुढे फादरांनी त्या 'वुल्गुस'ची खरी कथा सांगितली. ग्रंथांत घोड्याला 'एक्वुस' म्हणत; शिपाईगड्यांच्या तोंडी मात्र 'कबाल्लुस'. आजचे फ्रेंच 'शव्हाल' आले ते या शिपाईगड्यांकडून. ग्रंथांत डोके म्हणजे 'कापुत'. लोक थट्टेने त्याला 'टेस्टा', म्हणजे मडके, म्हणू लागले. फ्रेंचांचे डोके, 'तेत', त्या मडक्यातूनच निघाले! मेली म्हणतात ती लॅटिन पोथीतली. बाजारातली फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश होऊन अजून बोलतेच आहे.

त्या दिवशी मला आमच्याच जिल्ह्यातले रिद्धपूर आठवले. संस्कृतात पारंगत असलेल्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' लिहिले ते मराठीत. पुढच्याच शतकाच्या आरंभी इटलीत दान्तेने लोकभाषेची बाजू मांडली. गंमत अशी की, ती मांडली लॅटिनमधून!

लॅटिनचा अभ्यास तिथेच थांबला आणि मी मराठीचा प्राध्यापक झालो. मुलांच्या वह्यांतले 'मले', 'तुले' लाल शाईने खोडताना आताशा हात अडखळतो.

यंदा दिवाळीपूर्वी गावी गेलो आणि पेढीच्या पुलावर थांबलो. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथेच. बाबा शाळा शिकले नाहीत. पण १९८३ साली निघालेल्या अमरावती विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे. कीर्तनात ते लोकांना साध्या बोलीत प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तरे काढून घेत. हातात खराटा, डोक्यावर फुटके गाडगे. ते रूप डोळ्यांपुढे आले आणि मी मनाशीच म्हटले, 'टेस्टा!'

तेवढ्यात मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी थबकली. "कोन्या गावचे होय, बापू?"

"अठलाच व, माय. वलगावचा."

इतक्या वर्षांनी ते शब्द सहज तोंडून आले. ऐकायला माझी माय मात्र नव्हती.