कपाटात कोंडलेले आकाश

२००३ सालच्या प्रायश्चित्तकाळात आम्ही आमच्या घरात एक निवाडा केला. थोरला मुलगा त्या वेळी नववीत होता. रात्रीची रोझरी संपली की तो एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात डोके खुपसून बसे. आम्ही पाच-सहा पाने चाळली. जादूगार, मंतरलेली अंगठी, काळ्या सत्तेचा स्वामी असे काहीबाही दिसले, तेवढ्यावर पुस्तक कपाटात टाकून आम्ही कुलूप लावले. "आधी वाचून तर पाहा," असे मुलाची आई म्हणाली. ख्रिस्ती घरात जादूटोण्याला थारा नाही, एवढेच आमचे उत्तर होते. मुलगा काही बोलला नाही. मात्र त्या दिवसापासून आपण काय वाचतो, हे तो आम्हांला सांगेनासा झाला.

गेल्या पावसाळ्यात कपाटाला ओल लागली म्हणून सामान बाहेर काढले, तेव्हा ते पुस्तक पुन्हा हाती आले. मुलगा आता दूरदेशी नोकरीला आहे आणि आम्ही निवृत्त. पावसाच्या संध्याकाळी वेळ भरपूर. जे. आर. आर. टॉल्किन यांची १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी आम्ही पहिल्या पानापासून वाचावयास घेतली.

पहिला धक्का लेखकाच्या चरित्राने दिला. टॉल्किन यांचा जन्म १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेनचा. वडील लहानपणीच वारले. आई मेबल हिने १९०० साली कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली, तेव्हा नातेवाइकांनी तिला दिली जाणारी मदत आखडती घेतली. १९०४ मध्ये ती मधुमेहाने गेली. पोरक्या झालेल्या दोघा भावांचे पालकत्व बर्मिंगहॅम ऑरेटरीचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी पत्करले. आईने श्रद्धेपायी प्राण वेचले, अशी टॉल्किन यांची जन्मभर भावना होती. आपली कादंबरी मुळात धार्मिक आणि कॅथोलिक आहे, असे त्यांनी १९५३ साली एका जेझुइट मित्राला लिहिले होते. ज्या ग्रंथापासून आम्ही मुलाची श्रद्धा वाचवू पाहत होतो, तो एका श्रद्धावंताच्या लेखणीतून उतरला होता!

मग आम्ही त्या जगाचा भूगोल लक्षपूर्वक पाहू लागलो. 'मिडल-अर्थ' हा कोणी परका ग्रह नव्हे. ही आपलीच पृथ्वी, एका कल्पित प्राचीन काळातली. लेखकाने आधी नकाशा काढला आणि त्यात कथा बसवली. बुटक्या हॉबिट लोकांचे खेडे ऑक्सफर्डच्या अक्षांशावर, तर मिनास तिरिथ ही राजनगरी तिथून सहाशे मैल दक्षिणेला, फ्लॉरेन्सच्या अक्षांशावर, असा त्यांचा हिशेब होता. पाण्याखाली मृतांचे चेहरे दिसणारी त्यांची दलदल १९१६ च्या सोमच्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सची काही खूण बाळगून आहे. तरुण टॉल्किन त्या लढाईत होते.

त्या जगाचे आकाशही असेच काटेकोर. कथेतील चंद्र एका प्रदेशात उगवताना त्याच वेळी दुसऱ्या प्रदेशात मावळतो आहे, हे ध्यानी येताच १९४४ मध्ये ते हवालदिल झाले आणि त्यांनी प्रसंगांच्या तिथ्या पुन्हा जुळवल्या. आपले मृग नक्षत्र तेथे 'मेनेल्वागोर' नावाने उगवते, कृत्तिकांचा पुंजका 'रेम्मिराथ' होतो. त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ साली निघालेल्या 'द सिल्मरिलियन' मध्ये या आकाशाची उत्पत्तिकथा आहे. एकच परमेश्वर गीतातून विश्व घडवतो. प्रकाश देणारे दोन वृक्ष दुष्ट शक्ती मारून टाकते. पण मरता मरता एका वृक्षाला आलेल्या रुपेरी फुलाचा चंद्र होतो, दुसऱ्याच्या सोनेरी फळाचा सूर्य. पुढे मानवी राजे अमरत्व बळकावण्यासाठी पश्चिमेच्या पुण्यभूमीवर चालून जातात, तेव्हा त्यांचे बेट बुडते आणि तोवर सपाट असलेली पृथ्वी गोल होते. कितीही दूर गेले तरी माणूस आता निघाल्या जागी परततो.

शुक्राची कथा तर थेट आपल्या उपासनेपाशी येते. त्याचे तेथील नाव 'एआरेंडिल'. हा शब्द टॉल्किन यांना 'क्राइस्ट' या प्राचीन इंग्रजी काव्यात सापडला. आणि त्या काव्याचा तो भाग आगमनकाळाच्या अखेरीस गायल्या जाणाऱ्या, उगवत्या प्रभेला हाक घालणाऱ्या पालुपदावर आधारलेला आहे. १९१४ साली त्या एका शब्दावर त्यांनी कविता रचली, आणि पुढील सारी सृष्टी तिच्याभोवती वाढत गेली.

आता जादूविषयी. हीच तर आमची मूळ हरकत होती. या जगात दोन प्रकारची शक्ती आहे. एक घडवते, जपते, बरे करते. दुसरी इतरांच्या इच्छेवर स्वामित्व गाजवू पाहते. अंगठी ही त्या दुसरीची खूण. ती सद्हेतूनेही वापरता येत नाही. जादूगार गॅन्डाल्फ तिचा स्वीकार करीत नाही, कारण भले करण्याच्या इच्छेतूनच ती आपल्याला भ्रष्ट करील हे तो जाणतो. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातील २११७ वा परिच्छेद आम्ही पुन्हा काढून वाचला. गूढ शक्तींना राबवून इतरांवर सत्ता मिळवू पाहणे, हाच जादूटोण्याचा दोष तेथे सांगितला आहे. म्हणजे ज्या कारणास्तव ख्रिस्तसभा जादूटोणा निषिद्ध मानते, त्याच कारणास्तव ही कथा अंगठी अग्नीत टाकावयास सांगते.

आणि ती टाकण्याइतके बळ नायकातही उरत नाही! अखेरच्या क्षणी फ्रोडो अंगठीवर हक्क सांगतो. पूर्वी वारंवार ज्याला जिवंत सोडले, तो पापी गॉलम ती हिसकावतो आणि तिच्यासह ज्वालांत कोसळतो. पूर्वी केलेली दया जगाला तारते. तो दिवस लेखकाने २५ मार्च ठरवला आहे, गब्रिएल दूताने मरियेला संदेश दिल्याच्या सणाचा.

तरी आमच्या मनात रुतला तो निराळाच प्रसंग. काळोख्या मॉर्डोर देशात थकलेला सॅम नावाचा माळी मान वर करतो, तर ढगांच्या फटीत एक शुभ्र तारा. काळी सावली ही क्षणिक आहे आणि तिचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचावर प्रकाश आहे, हे त्याला उमगते आणि तो शांत झोपी जातो. ते पान वाचताना आम्हांला नववीतला मुलगा आठवला. दिव्याखाली वाकलेले त्याचे डोके आठवले. तो हाच तारा पाहत होता काय? आम्ही विचारले नव्हते.

त्याच रविवारी, मिस्साहून परतल्यावर, आम्ही त्याला फोन केला आणि झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. बराच वेळ तो गप्प होता. मग हसून म्हणाला, "पप्पा, मी ते तेव्हाच मित्राकडून आणून पुरं केलं होतं. पण तुम्ही कधी वाचाल असं वाटलं नव्हतं. कुठपर्यंत आलात?"

कितीतरी वर्षांनी आम्ही तासभर बोललो.

घरातील मुलांच्या हाती काय पडते याची चिंता आईबापांनी अवश्य करावी. तो आपला धर्मच आहे. परंतु भल्यासाठी म्हणून गाजवलेली सत्ता कशी फसवी असते, हे आम्ही एका अंगठीच्या गोष्टीतून उशिरा शिकलो. कुलूप लावण्यापूर्वी मुलाशेजारी बसून चार पाने वाचावीत, एवढीच आमची विनंती.