रंगाच्या आधी

मंडळी, आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, सत्तरी ओलांडल्यावर मास्तरांना हे काय सुचलं! विषय आहे खेळातले राक्षस.

हा माझ्या नातवाचा छंद. टेबलावर मांडायचा लढाईचा खेळ. प्रत्येकाकडे पाच-दहाच योद्धे. पट्टीने अंतर मोजून चाल करायची आणि फासे टाकून वार लागला की नाही ते ठरवायचं. प्रकार तसा जुना आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने अशा खेळाचे नियम १९१३ साली पुस्तक काढून छापले होते. नातवाचे योद्धे ५४ मिलिमीटर मापाचे, म्हणजे उभा माणूस साधारण करंगळीएवढा. राक्षस अर्थात त्याहून दांडगा.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करतो, त्यावर मावळे मांडतो. फक्त मापाची फिकीर कुणी करत नाही.. मावळा दरवाजापेक्षा उंच आणि सिंहासनावरचे महाराज बुरुजापेक्षा मोठे! शिवाय आपले मावळे बाजारातून रंगवलेलेच येतात. नातवाचा राक्षस मात्र सुटा येतो. धड वेगळं, हात वेगळे, पंख वेगळे.

मग तयारी सुरू. रेझिनचे तुकडे आधी कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून जुन्या टूथब्रशने घासायचे. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. वाळले की शिवण काढायची. साचा दोन अर्ध्यांचा असतो. ते जिथे मिळतात तिथे अंगभर एक बारीक रेघ उठते. ती पात्याच्या पाठीने हळूहळू खरवडायची, मग ओला पॉलिश पेपर फिरवायचा. कोरडा नको, भुकटी नाकात जाते. जड पंख नुसत्या फेविक्विकवर टिकत नाही, म्हणून दोन्हीकडे भोक पाडून आत तारेचा तुकडा बसवायचा. फटी एम-सीलने बुजवायच्या. मग अस्तराचा पातळ फवारा. आणि मग कुठे रंग!

दिवाळीच्या सुट्टीतले सहा दिवस आम्ही दोघे याच कामात होतो. दोन योद्ध्यांवर अस्तर बसलं आणि हातून सुटलेली शिवण आधीपेक्षा ठळक दिसू लागली. वरून रंग दिला की सगळं झाकलं जातं, ही समजूत किती खोटी!

आपल्या जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून हे संग्रहालय उभं राहिलं. तिथल्या काही मूर्ती दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढचा अर्धा एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, आणि मग दोन्ही जोडलेले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या कारागिरापुढेही हीच शिवण होती. त्याने ती ओल्या बोटाने पुसली असेल, आम्ही पात्याने. पुन्हा तेर हे गोरोबाकाकांचं गाव. मडकं कच्चं की पक्कं हे नुसतं बघून कळत नाही, थापटून पाहावं लागतं, हे त्यांच्या गोष्टीतूनच आपण शिकलो.

असो. आता घरच्या मंडळींसाठी दोन शब्द, कारण तुम्ही इथे गुपचूप वाचता हे मला ठाऊक आहे! पुढच्या वर्षी दहावी, म्हणून हे खोकं कपाटात बंद करायचं ठरतंय म्हणे. मी आयुष्य वर्गात काढलं. वही सुंदर दिसावी म्हणून धडपडणारी मुलं पुष्कळ पाहिली. कुणाला दिसणारही नाही अशी रेघ काढायला तासभर बसणारी थोडीच. हा मुलगा पंखाचा सांधा तीनदा सोडवून पुन्हा बसवतो, तेही कुणी सांगितलेलं नसताना.

माझा हात आता कापतो. ब्रश तो मला देत नाही, खरवडायला देतो. म्हणाला, "आजोबा, इथे हात हलला तरी चालतं." एरवी फोनवर 'हो' आणि 'बरं' यापलीकडे न जाणारा मुलगा त्या सहा दिवसांत शेजारी बसून किती बोलला, ते तुम्ही ऐकलेलं नाही.

तेव्हा अभ्यासाचं वेळापत्रक जरूर करा. रविवारचे दोन तास तेवढे त्या खोक्याला द्या. राक्षसाचा दुसरा पंख तो माझ्याकडे खरवडायला ठेवून गेला आहे. कुरियरने मी तो पाठवणार नाही. न्यायला त्यालाच पाठवा.