‘बदला’ असे कोण कोणाला सांगतो आहे?

हल्ली ‘स्वतःला बदला’ असे सांगणाऱ्यांचे पीक आले आहे. सरकारी कचेरीत वर्षातून एकदा तरी प्रशिक्षणाच्या नावाखाली असा एखादा वक्ता येतोच. दृष्टिकोन बदला, हसतमुख राहा, तक्रारीचा सूर सोडा, मग बघा आयुष्य कसे बदलते ते! मी वीस वर्षांहून अधिक काळ नोकरी करतो आहे आणि अशी भाषणे मी किती ऐकली याची मोजदाद नाही. एका भाषणाच्या वेळी शेवटच्या रांगेत ठेकेदाराकडचे सफाई कामगार बसवले होते, खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून. त्यांचा तीन महिन्यांचा पगार थकलेला होता. त्यांनी दृष्टिकोन कुठला बदलायचा होता, हे त्या वक्त्याला विचारायला हवे होते. प्रश्नोत्तरांना वेळच ठेवला नव्हता.

पण मित्रांनो, आपल्या व्यासपीठावर तरी वेगळे काय चालले आहे? १४ एप्रिल आला, ६ डिसेंबर आला की तेच. समाजाने दारू सोडली पाहिजे, समाजाने वाचले पाहिजे, समाजाने शिस्त पाळली पाहिजे. बोलणारा दोन तास उशिरा आलेला असतो आणि भाषण संपले की गाडीत बसून निघून जातो. समोर बसलेली वस्तीतली माणसे टाळ्या वाजवतात. ‘समाज’ म्हणजे आपल्याखेरीज बाकीचे सगळे, अशी बोलणाऱ्याची पक्की समजूत असते.

माझे म्हणणे असे नाही की बदलाची गरजच नाही. उलट, बाबासाहेबांनी आपल्या माणसांकडे जितका बदल मागितला तितका या देशातल्या दुसऱ्या कुठल्या पुढाऱ्याने आपल्या अनुयायांकडे मागितला असेल असे मला वाटत नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी बायाबापड्यांना लुगडे कसे नेसावे इथपासून सांगितले. अंगावरचे कथलाचे ओझे टाका, मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका, पोरींना शिकवा. म्हणजे खाणे, नेसणे, दागिना, कामधंदा, देव, सगळ्यांवरच त्यांनी हात घातला. पण तो बदल कशासाठी मागितला आणि मागताना स्वतः काय केले, हे आपण पाहत नाही.

ढोरे ओढण्याचीच गोष्ट घ्या. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ती सांगितली आहे. महारांनी मेलेली ढोरे ओढणे सोडल्यामुळे त्यांचे कातडे, शिंगे, हाडे यांचे किती उत्पन्न बुडते, याचा हिशेब एका वर्तमानपत्राने छापला होता. आकडा होता वर्षाला पाचशे रुपये. बाबासाहेबांचे उत्तर असे, की एवढा नफा आहे तर तो तुम्हीच घ्या, ढोरे तुम्ही ओढा, वर आणखी पाचशे मी देतो! यातली गंमत आपण सांगतो, लोक हसतात. पण नीट पाहा. तो पैसा खोटा नव्हता. उपाशी घराला पाचशे रुपये म्हणजे काय, हे बाबासाहेबांना माहीत नव्हते काय? तरी त्यांनी सोडा म्हटले, आणि लोकांनी सोडले. हा कामाच्या ठिकाणचा बदल होता. त्याची किंमत होती आणि ती घरोघरी मोजली गेली.

त्याच वेळी बाबासाहेब नुसते ‘सोडा’ म्हणून घरी बसले नाहीत. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आणले. सगळ्या गावाची चाकरी करायची, वेळीअवेळी बोलावणे आले की जायचे, आणि त्याच्या बदल्यात जमिनीचा तुकडा व दारोदार भाकरी मागण्याचा ‘हक्क’. ते वतन शेवटी कायद्याने रद्द झाले १९५८ साली, बाबासाहेब गेल्यानंतर. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा होता, पण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो म्हणून तिथे अस्पृश्याला घेत नसत. १९२८ च्या संपात त्यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. माणसाने बदलावे म्हणून एका हाताने त्याला उठवायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या वाटेतला धोंडा हलवायचा, अशी ती रीत होती. आजच्या व्याख्यात्यांनी पहिला हात उचलला आणि दुसरा खिशात ठेवला.

नोकरीतल्या वागणुकीचा विषय निघाला की मला दिनाभाना आठवतात. साठच्या दशकात पुण्याच्या संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत ते चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी होते. राजस्थानचे, वाल्मीकी समाजातले. बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या, तेव्हा त्यांनी विरोध केला आणि निलंबित झाले. तिथेच पंजाबातून आलेले कांशीराम मोठ्या पदावर होते. बाबासाहेब त्यांना तोवर फारसे माहीत नव्हते. एका शिपायाची ती हिंमत पाहून ते लढ्यात उतरले, आणि डी. के. खापर्डे यांनी ‘जातिनिर्मूलना’चे पुस्तक त्यांच्या हाती दिले. दिनाभाना पुन्हा कामावर आले, सुट्ट्याही परत मिळाल्या. पुढे ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ उभी राहिली, तिचे मूळ या प्रसंगात आहे. त्या कचेरीत शिकलेले, वरच्या श्रेणीतले आपले लोक तेव्हाही असणार. पण आधी बोलला तो ज्याची नोकरी सर्वांत कच्ची होती तो.

म्हणून आजच्या तरुणांना ‘ऑफिसात जय भीम म्हणायला का लाजता’ असे कोणी दटावू लागला की मला ते पटत नाही. पुण्याच्या कंपनीत करारावर असलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराने आडनाव सांगायला एक क्षण थांबावे, यात मला त्याचा भ्याडपणा दिसत नाही. खोली जाते, काम जाते, हे त्याने पाहिलेले असते. मला दिसतो तो सेवापुस्तक पक्के असलेला, निवृत्तिवेतन ठरलेला माणूस. साहेबांच्या दालनात गेला की ‘नमस्कार’, आणि विहारात आला की कडक ‘जय भीम’. आधी यांनी बदलावे. यांचे काही जात नाही.

आणि आता जे लिहिणार आहे ते काही मित्रांना आवडणार नाही.

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात एक बाई कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हेलपाटे घालत होत्या. नवरा शिपाई होता, नोकरीत असतानाच वारला. गाव चाळीस किलोमीटरवर. पहिल्या खेपेला सांगितले मृत्यूचा दाखला आणा. तो दिला. दुसऱ्या खेपेला वारसांचा तपशील. मग पासबुकाची प्रत. मग फोटो. मग सेवापुस्तकात नावाची नोंद जुळत नाही. अकरा महिन्यांत नऊ खेपा झाल्या. दर खेपेला एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी बुडाली. टेबलावरचा कारकून आपलाच. पाठीमागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. जयंतीला पाच हजार रुपये देणारा, मंडळाच्या पत्रिकेत नाव असणारा. आणि मुद्दाम सांगतो, पैसे खाणारा नव्हे. त्याने तिच्याकडून एक रुपया मागितला नाही. फक्त लागणाऱ्या सगळ्या कागदांची यादी एकदाच सांगावी, एवढे त्याला अकरा महिन्यांत सुचले नाही.

आम्ही तिघे त्या बाईंना घेऊन गेलो. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. त्यांच्यासमोर बसलो आणि राहिलेल्या त्रुटी एका कागदावर लिहून द्या म्हणालो. सोबत २००५ चा विलंब प्रतिबंधाचा कायदा होता. त्यातले दहावे कलम सांगते की सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तो कागद पाहिल्यावर गृहस्थ भडकले. “आपल्याच माणसाला कायदा दाखवता होय? बाकीच्यांच्या टेबलावर काय उजेड पडलाय ते जाऊन बघा की!”

त्यांचा मुद्दा मी टाळत नाही. बाकीच्यांच्या टेबलावर याहून वाईट पडलेले असते हे खरे. आपला माणूस चुकला तर ‘आरक्षणवाला’, दुसरा चुकला तर ‘कामाचा ताण’, हेही रोजचे. म्हणूनच काही मित्र म्हणतात की आपल्यांवर जाहीर बोलू नये, विरोधकांच्या हातात कोलीत मिळते. मला हा युक्तिवाद कळतो, मान्य नाही. विरोधकाला खूश करण्यासाठी किंवा आपली ‘गुणवत्ता’ सिद्ध करण्यासाठी आपण वेळेवर फाईल काढायचीच नाही. त्याला ती कधीच सिद्ध झालेली दिसणार नाही. त्या टेबलासमोर उभे कोण असते, ते बघायचे. शिष्यवृत्ती, जात पडताळणी, रमाई घरकुल, निवृत्तिवेतन, या रांगांत आपलीच माणसे जास्त असतात. आपला कारकून झोपला तर सर्वांत आधी आपलेच माणूस मरते.

आम्ही हे सगळे त्यांना सांगायच्या आधी त्या बाईच बोलल्या. “साहेब, तुमच्या मागं बाबासाहेबांचा फोटो हाय, म्हणून मी येत राहिले. नायतर कवाच सोडून दिलं असतं.” बाई रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी जे होते ते सांगितले. गृहस्थ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कागद ओढला आणि राहिलेल्या दोन गोष्टी लिहून दिल्या. प्रकरण दीड महिन्यात मंजूर झाले.

पुढे दोन-तीन महिन्यांनी गेलो तेव्हा त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एक टंकलेला कागद दिसला: कुटुंब निवृत्तिवेतनासाठी लागणारी कागदपत्रे, क्रमाने. कोणी सांगितले नव्हते. गृहस्थ आजही साडेदहाला येतात, ते काही सुधारलेले नाही. पण तो कागद आहे, आणि येणारा माणूस त्याचा मोबाइलवर फोटो काढून नेतो.

धम्मात सम्यक आजीविका सांगितली आहे, ती आपण विहारात म्हणून दाखवतो. शस्त्र, विष, मद्य, मांस, माणसे यांचा व्यापार करू नये, एवढाच तिचा अर्थ घेतला तर सरकारी नोकर फार स्वस्तात सुटतो. माझ्या मते पगार घेऊन गरिबाला नऊ खेपा घालायला लावणे हीही असम्यक आजीविकाच आहे. भिक्खूंनी यावर देसना द्यावी असे मला फार वाटते.

या प्रकरणानंतर आम्ही विहारात एक वही ठेवली. रकाने चार: कोणाचे काम, कुठे अडले, कोण जाणार, काय झाले. दर रविवारी बैठक. आधी सकाळी आठला ठेवली होती, बाया येईनात. पुरुष मंडळी म्हणू लागली, बायांना चळवळीचे काही पडलेले नाही. विचारल्यावर कळले की रविवारी आठला नळाला पाणी येते. बैठक दुपारी चारला नेली, आणि आता बाया पुरुषांपेक्षा जास्त असतात. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे असे सांगितले. आमच्याकडे निदान चहा करण्याची पाळी आता वहीत लिहिली जाते, आणि तिच्यात पुरुषांची नावे आहेत. पहिल्या दोन रविवारी चहा पिण्यालायक नव्हता. आता बरा होतो.

बैठक चारला म्हणजे चारला सुरू होते. तीन माणसे असली तरी. सुरुवातीला सव्वापाचला येणारे रुसले, ‘आमच्यासाठी थांबला नाहीत’ म्हणाले. थांबलो असतो तर वेळेवर आलेल्या मोलकरीण ताईंचा तास गेला असता. त्यांना पाचला दुसऱ्या घरी भांड्याला जायचे असते. वेळ पाळणे ही साहेबी शिस्त आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्या ताईंना विचारावे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेबही याच वहीच्या मागच्या पानांवर लिहून सगळ्यांसमोर वाचला जातो. त्यावरून एक कार्यकर्ता मंडळ सोडून गेला, त्याचे वाईट वाटते. पण वाचन बंद केलेले नाही.

आजवर वहीत बासष्ट कामे लिहिली गेली, त्यातली एकेचाळीस झाली. बाकीची कुठे ना कुठे अडलेली आहेत. त्या बाईंचे निवृत्तिवेतन सुरू झाले, पण मधल्या महिन्यांची थकबाकी कोषागारातून निघालेली नाही. त्यांच्या नावापुढचा चौथा रकाना रिकामाच आहे. येत्या सोमवारी मी आणि आमच्यातली एक शिक्षिका ताई कोषागारात जाणार आहोत. दोघांनीही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.