पत्ता बदलला

वस्तु मुकी झाली म्हणजे ती निकामी झाली, असा निकाल आपण फार लवकर देतों. वस्तु आणि आपण यांच्यामध्यें एखादी वाट असते व ती मोडली असेल, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. गेल्या वर्षीं जून महिन्यांत आमच्या शाळेच्या कार्यालयांत घडलेल्या एका प्रसंगानें ही गोष्ट मला चांगलीच पटली. म्हणून ती वाचकांपुढें ठेवीत आहें.

कार्यालयांतील जुना राऊटर पावसाळ्याच्या आरंभीं विजेनें जळाला व त्याच्या जागीं नवा बसविण्यांत आला. संगणकांवर इंटरनेट पूर्ववत् सुरू झालें. परंतु तारेनें जोडलेला प्रिंटर मात्र कांहीं केल्या छापीना. नेमक्या त्याच दिवशीं एक बाई आपल्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास दूरच्या खेड्याहून आल्या होत्या. महाविद्यालयांतील प्रवेशाची मुदत त्याच सायंकाळीं संपत होती. दाखल्याचे क्रमांक घातलेले कागद कार्यालयाबाहेर नेण्याची मुभा नसल्यामुळें ते दुकानांत छापून आणणेंही शक्य नव्हतें. बाकावर बसून बाई वारंवार घड्याळाकडे पाहात होत्या.

"सर, यंत्र जुनें झालं. आतां नवंच घ्यावं लागेल," लेखनिक म्हणाले. मीं प्रिंटरच्या कळा दाबून त्याच्या मांडणीचा कागद त्याच्याकडूनच छापवून घेतला. तो स्वच्छ छापून बाहेर आला! यंत्र धडधाकट होतें. त्यास निरोपच पोहोंचत नव्हता. कागदावर प्रिंटरचा पत्ता होता १९२.१६८.१.५०, संगणकांचे पत्ते मात्र १९२.१६८.० नें सुरू होत होते. एकाच खोलींत राहून दोघे दोन निराळ्या वस्त्यांतले झाले होते.

याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास दोन ओळखी असतात. एक मॅक क्रमांक. तो सहसा कारखान्यांतच मिळतो व यंत्र कोठेंही नेलें तरी बहुधा बदलत नाहीं. दुसरा आयपी पत्ता. तो ज्या जाळ्यांत राहावें त्याचा. १९९३ सालीं डीएचसीपी नांवाची पद्धति प्रसिद्ध झाली. तिच्या योगें राऊटर हे पत्ते आपण होऊन, पण ठराविक मुदतीपुरतेच, वांटतो. १९२.१६८ नें सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठीं राखून ठेविलेले आहेत. त्यांतील कोणती वस्ती वसवावी, हें राऊटरच्या मांडणीवर अवलंबून असतें. आमच्या प्रिंटरचा पत्ता बदलूं नये म्हणून पूर्वीं कोणी तरी तो हातानें कायम करून ठेविला होता. ती सावधगिरी योग्यच होती. परंतु ती कोठेंही लिहून ठेविलेली नव्हती. वस्तीच बदलली तेव्हां तीच सावधगिरी आड आली.

पुढील काम सरळ होतें. प्रिंटरला आपोआप पत्ता घेण्यास लाविलें. नव्या वस्तींतील पत्ता मिळतांच तो राऊटरच्या यादींत त्याच्या मॅक क्रमांकापुढें राखून ठेविला. मग प्रत्येक संगणकांतील जुन्या पत्त्याचें पोर्ट काढून नवें घातलें, आणि खोळंबून राहिलेलीं जुनीं कामें रद्द केलीं. दोन संगणक छापूं लागले. तिसरा मात्र अडूनच बसला! पाहतों तों तो बिनतारी जोडणीनें पाहुण्यांसाठीं ठेविलेल्या जाळ्यास जोडला गेला होता. पाहुण्यास इंटरनेटचा दरवाजा खुला, पण घरांतील खोल्या बंद. त्यास मुख्य जाळ्यांत आणतांच तोही छापूं लागला.

दोन वाजण्याच्या सुमारास दाखला निघाला व मुख्याध्यापकांची सही झाली. "पोरीचं वर्ष वांचलं, सर," एवढेंच बोलून बाई लगबगीनें एस्. टी. स्थानकाकडे निघाल्या.

त्या दिवसापासून प्रिंटरचा पत्ता, मॅक क्रमांक व बदलाची तारीख लिहिलेली चिठ्ठी यंत्रावर डकविलेली आहे, आणि तीच नोंद कार्यालयाच्या वहींतही आहे. नवीन यंत्र विकत घेण्यास पैसे लागतात. मुक्या यंत्राची चौकशी करण्यास थोडा धीर पुरतो. आणि आपण केलेली व्यवस्था आपल्या मागून येणारासाठीं लिहून ठेवण्यास तर एक ओळ पुरे. पण कोणाचें तरी वर्ष त्या ओळीवर अवलंबून असूं शकतें.