इटेन : सावकाश धावायला शिकवणारे गाव

पहाटेचे सहा वाजले होते. पुरते उजाडलेही नव्हते. अंगात स्वेटर, कानाला मफलर आणि हातात माझे जुने स्टॉपवॉच अशा थाटात मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ एवढी थंडी असेल, असे बडोद्याहून निघताना मुळीच वाटले नव्हते. इतक्यात धुक्यातून पावलांचा आवाज आला आणि वीस-पंचवीस जणांचा घोळका समोरून गेला. त्यात आमचे चिरंजीवही होते. सवयीने मी घड्याळाचे बटण दाबले आणि चकितच झालो. जगातले नामांकित धावपटू ज्या गावात घडतात, तिथली ही मंडळी चक्क गप्पा मारत, रमतगमत धावत होती!

"यांचा सराव सुरू कधी होणार?" मी शेजारच्या तरुणाला विचारले. एकेकाळी तो स्वतः शर्यतीत धावत असे. आता पाहुण्यांना वाटा दाखवतो.

तो हसला. "हाच सराव. काल जोरात धावले, म्हणून आज पोले पोले."

स्वाहिली भाषेत 'पोले पोले' म्हणजे हळूहळू. हे दोन शब्द ऐकायला मला केनियातल्या इटेनपर्यंत यावे लागले.

त्याला कारण घरातच घडले होते. मुलगा अठरा वर्षांचा. शाळेपासून लांब पल्ल्याच्या शर्यतींची आवड. मी हौसेने त्याचा प्रशिक्षक झालो. रोज दहा किलोमीटर, आणि रोज कालच्यापेक्षा काही सेकंद तरी कमी, असा माझा हिशेब. नडगी दुखते असे तो सांगू लागला, तेव्हा "सवय होईल" म्हणून मी उडवून लावले. शेवटी हाडाला बारीक तडा गेल्याचे निघाले. आठ आठवडे धावणे बंद! त्या दिवसांत तो माझ्याशी कामापुरतेच बोलत असे. सौभाग्यवतींचे बंधू नैरोबीत नोकरीला आहेत. त्यांनी बोलावले, तेव्हा ती म्हणाली, "मुलाला घेऊन जा. आणि तुम्हीही काही शिकून या."

दरीच्या काठावर

एल्डोरेट शहरापासून मोटारीने साधारण तासाभरात इटेन येते. वाटेत मक्याची शेते, गाई आणि शाळेत पळत जाणारी मुले. गावाच्या तोंडाशी 'विजेत्यांचे माहेरघर' अशा अर्थाची इंग्रजी पाटी मिरवणारी कमान आहे. गाव मात्र साधेच : एक मोठा रस्ता, पत्र्याची दुकाने, भाजीबाजार. पण गावाची कडा संपते तिथे जमीनच संपते! समोर एकदम खाली केरिओ खोरे पसरलेले दिसते. आपल्या महाबळेश्वरच्या पॉइंटवर उभे राहिल्यासारखे वाटते. फक्त इटेन त्याहून सुमारे हजार मीटर उंच, म्हणजे समुद्रसपाटीपासून जवळपास 2400 मीटरवर आहे.

या उंचीवर हवेतले प्राणवायूचे प्रमाण तेवढेच असते, पण हवेचा दाब कमी. त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. मग मूत्रपिंडे एक संप्रेरक जास्त सोडतात आणि रक्तातल्या तांबड्या पेशी वाढू लागतात. हे काम दोन दिवसांत होत नाही, आठवडे लागतात. म्हणूनच नव्या पाहुण्याला पहिले काही दिवस चालायला आणि अगदी हलके धावायला सांगतात. आमच्या मुलालाही तेच सांगितले गेले. मी मध्ये बोललो नाही.

भूगोलाच्या मास्तरांची किमया

गावात सेंट पॅट्रिक्स ही मुलांची शाळा आहे. 1976 मध्ये आयर्लंडहून ब्रदर कोल्म ओ'कॉनेल इथे भूगोल शिकवायला आले. धावण्याच्या प्रशिक्षणाचे कोणतेही शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. मुलांकडे बघत, चुकत ते शिकत गेले. याच शाळेचा पीटर रोनो 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरचा विजेता ठरला. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या डेव्हिड रुडिशाने 2012 मध्ये लंडनला 800 मीटर अंतर 1 मिनिट 40.91 सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला. भूगोलाचा मास्तर हे करू शकला, कारण त्याने मुलांना आधी पाहिले आणि घड्याळ नंतर, असे मला वाटते.

गुरुवारची जत्रा

मग ही माणसे जोरात कधीच धावत नाहीत का? त्याचे उत्तर गुरुवारी सकाळी मिळाले. त्या दिवशी 'फार्टलेक' असते. हा स्वीडिश शब्द, अर्थ 'वेगाचा खेळ'. दोन मिनिटे जोरात, एक मिनिट सावकाश, असे आलटून पालटून. बघता बघता शंभरावर धावपटू जमले. कुणी पदकविजेता, कुणी फाटके बूट घातलेला नवखा. इशारा होताच लाल मातीचा धुरळा उडाला आणि मंडळी वाऱ्यासारखी गेली!

आमच्या वाटाड्याने गणित समजावले. आठवड्यात जोराचे दिवस दोन-तीनच. बाकीचे दिवस असे धावायचे, की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. धाप लागून वाक्य तुटले, तर वेग जास्त आहे असे समजावे. नवख्याने तर जोराचा एकच दिवस ठेवावा. अंतर वाढवायचे ते थोडे थोडे. हाडांना आणि स्नायूबंधांना दमापेक्षा जास्त वेळ लागतो. छाती तयार होते, पण नडगी मागे राहते. पोहणे, सायकल आणि धावणे अशी ट्रायथलॉन करणाऱ्यांनी तर हे अधिकच जपावे, कारण खेळ तीन असले तरी थकणारे शरीर एकच असते. माझ्या डोळ्यांसमोर मुलाच्या पायाचा एक्स-रे आला.

उगाली, चहा आणि झोप

जेवणात मक्याच्या पिठाची घट्ट उगाली. ती खाताना आपल्या उकडीची आठवण होते. सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी. नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'. स्वस्त भाजी, पगारापर्यंत पुरते! दूध-साखर घालून उकळलेल्या पेयाला इथेही 'चाय'च म्हणतात आणि चपातीला चपाती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे बांधायला आलेल्या भारतीय मजुरांची आणि दुकानदारांची ही आठवण. जेवण झाले की सारे धावपटू चक्क झोपतात. विश्रांती हाही सरावाचाच भाग, असे ते मानतात.

इटेनला काळी बाजूही आहे. रक्तपेशी वाढवणारे तेच संप्रेरक सुईने टोचून घेण्याच्या मोहात काही जण सापडले. गेल्या काही वर्षांत उत्तेजकांपायी केनियाच्या बऱ्याच धावपटूंवर बंदी आली. ऑक्टोबर 2021 मध्ये विक्रमवीर ॲग्नेस तिरोप हिचा याच गावात, राहत्या घरी खून झाला. तेव्हा ती अवघी 25 वर्षांची होती. तिच्या नावाची संस्था आता हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांना मदत करते. पैसा आणि प्रसिद्धी धावत आली, की घराघरांत काय होते, हेही या गावाने पाहिले आहे.

आम्ही भारतातून आलो म्हटल्यावर एका धावपटूने विचारले, "साबळेच्या देशातले?" बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे! 1998 पासून 2018 पर्यंत राष्ट्रकुल स्पर्धेतल्या स्टीपलचेसची तिन्ही पदके केनियाच नेत असे. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला अविनाशने ती साखळी तोडून रौप्यपदक घेतले. सुवर्ण हुकले ते अवघ्या 0.05 सेकंदाने. हाच अविनाश बारावीनंतर सैन्यात गेला आणि त्यानंतर धावपटू झाला. मुलाने माझ्याकडे पाहिले. मला उमगले. अठरा म्हणजे काही उशीर नव्हे.

शेवटच्या पहाटे तो म्हणाला, "बाबा, आज तुम्हीही चला." शंभर पावलांतच मला धाप लागली. त्याने वेग कमी केला, आणखी कमी केला, इतका की मला वाक्य पुरे करता यावे. मग कॉलेज, मित्र, पुढे काय करायचे, असे कितीतरी तो बोलत राहिला. वर्षभरात आम्ही मिनिट-सेकंद सोडून काही बोललोच नव्हतो. स्टॉपवॉच त्या दिवशी खोलीवरच राहिले होते.

जायचे असेल तर

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे. तिथून एल्डोरेटला विमानाने किंवा रस्त्याने जाता येते. केनियात प्रवेशाची परवानगी आधी इंटरनेटवरून काढावी. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी. परतताना भारतात तिचे प्रमाणपत्र मागतात. गरम कपडे न्यावेत आणि पहिले दोन दिवस नुसते चालावे. पोले पोले!